नकाराचा जर्मन तास

कुहीच्या बस स्टँडवर माझा फोटो जवळजवळ तीन महिने टांगलेला होता. त्यातले शेवटचे दोन महिने मी गावाकडे फिरकलेच नाही. फ्लेक्स चांगला मोठा होता. मधोमध माझा नर्सिंगच्या ओळखपत्रावरचा फोटो, डोळे अर्धवट मिटलेले. एका बाजूला उडतं विमान, मागे झेंडा आणि वर ठळक अक्षरांत 'आपल्या गावच्या कन्येची जर्मनी येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो. त्यातला एक गॉगलवाला शुभेच्छुक तर माझ्यापेक्षा मोठा छापला होता. झेंड्याचे रंग बरोबर होते, पण पट्टे उभे. उभ्या पट्ट्यांचा तो झेंडा बेल्जियमचा असतो, एवढं मला तोवर जर्मनच्या वर्गात कळलेलं होतं. बाबांना मी ते सांगितलं नाही. बाबांना मी आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि तिच्यापुढे झेंड्याचं काहीच नव्हतं.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. त्यांची सारी नोकरी कुही-नागपूर गाडीवरच झाली, त्यामुळे अर्धा तालुका त्यांना तोंडावरून ओळखतो आणि उरलेला अर्धा आवाजावरून. आता निवृत्त होऊन थोडी धानाची शेती बघतात. मी नागपुरात एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स. परदेशात नर्स पाठवणाऱ्या एका एजन्सीमार्फत माझी व्हिडिओवर मुलाखत झाली आणि काही दिवसांनी पत्र आलं. ते मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की तिकडच्या एका दवाखान्यानं मला निवडलं आहे. बाबा तेवढ्यावरच ओरडले, "बस! बस! समजलं मले!" आणि आईला हाका मारायला लागले. दुसरा परिच्छेद अटीचा होता. बी-वन नावाची जर्मन भाषेची परीक्षा दिवाळीच्या आत पास झाले तरच नोकरी, नाहीतर ही निवड रद्द. तो परिच्छेद मी वाचलाच नाही. पत्र हातात होतं, फोन चालू होता आणि मी नुसती "हाव बाबा, हाव बाबा" करत राहिले.

'हाव' म्हणजे आमच्याकडचं 'हो'. माझं सगळं आयुष्य या शब्दावर चाललेलं होतं. नर्सिंगला जातेस का, हाव. हे स्थळ नको म्हणून कळवू का, हाव. वॉर्डात त्याचंच इंग्रजी रूप, येस सर. डॉक्टर राउंडला आले की फाइल उघडून त्यांच्या डाव्या हाताला उभं राहायचं, ते बोलतील ते लिहून घ्यायचं आणि वाक्य संपलं की येस सर. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. मी याला चांगलं वळण समजत होते. आठवड्याभरात बाबांचा फोन आला की मित्रमंडळी फ्लेक्स लावतो म्हणतायत, लावू देऊ का? मी अर्थातच हाव म्हटलं.

जर्मनचा वर्ग मी मुलाखतीच्या कितीतरी आधीपासून करत होते. तो धरमपेठेत, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. दुपारी दोनला ड्यूटी संपली की मी डबा बसमध्येच खाऊन चारच्या तासाला पोचायची. वर्गात आम्ही नऊ-दहा जण. तीन नर्स, चार इंजिनिअर, एक-दोन कॉलेजातल्या मुली आणि आमच्याच दवाखान्यातले हाडांचे एक तरुण डॉक्टर. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, आवाज खणखणीत. चुकीचं उत्तर आलं की त्या रागवायच्या नाहीत, फक्त चष्मा काढून पुसायला लागायच्या. माझ्या वेळेस चष्मा फार स्वच्छ झाला.

खरं सांगायचं तर मला जर्मन अजिबात आवडत नव्हती. मला भाषा नकोच होती, मला विमान हवं होतं, आणि भाषा मध्ये आडवी पडली होती. साध्या हातमोज्याला ते लोक 'हाताचा बूट' म्हणतात, हे ऐकून वर्ग हसला तेव्हा मी मनात म्हटलं, आता हे हसून पाठ करायचं की रडून, एवढं सांगा. सलाइन लावताना, बेडपॅन उचलताना, हॉस्टेलवर भात शिजेपर्यंत मी शब्द घोकायची. औषधांची नावं आणि डोस जसे पाठ केले तसेच हेही. पाठांतराला मी पहिल्यापासून पक्की, त्यामुळे लेखी चाचणीत माझे मार्क चांगले पडायचे. मॅडम खूष होत्या. मला वाटलं, निघालो आपण.

परीक्षा नागपुरातच होती. लिहिणं, वाचणं, ऐकणं हे भाग सकाळी झाले, ते बरे गेले. दुपारी बोलण्याची परीक्षा. ती दोघादोघांची असते. समोर दोन परीक्षक बसतात, उमेदवारांना एक विषय देतात आणि दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. फॉर्म आम्ही एकत्र भरले होते, म्हणून माझे जोडीदार आले आमच्याच दवाखान्यातले डॉक्टर. त्यांना बघून मला हायसं वाटलं. ओळखीचं माणूस आहे, सांभाळून घेतील.

विषय होता, नोकरी सोडून जाणाऱ्या सहकाऱ्याला निरोप द्यायचा समारंभ. डॉक्टर म्हणाले, शनिवारी ठेवू. मी म्हटलं, "या, गुटे इडे," म्हणजे हो, छान कल्पना. ते म्हणाले, हॉटेलात ठेवू. मी म्हटलं, या, गुटे इडे. ते म्हणाले, घड्याळ भेट देऊ. मी मान डोलावली आणि पुन्हा तेच. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते आणि माझे हात आपोआप मांडीवर असे जुळलेले होते की जणू खाली फाइल आहे. ते बोलत गेले, मी मान हलवत गेले. बाहेर आल्यावर आम्ही दोघांनीही सांगितलं की मस्त झाली.

निकाल आला. डॉक्टर चारही भागांत पास. मी लिहिणं, वाचणं, ऐकणं यांत पास आणि बोलण्यात नापास.

मोबाइल हातात धरून मी वॉर्डाच्या लिनन रूममध्ये, चादरींच्या कपाटापाशी कितीतरी वेळ उभी होते. रडू नाही आलं. डोळ्यांपुढे सर्वांत आधी तो गॉगलवाला शुभेच्छुक आला. एकदा वाटलं, बाबांना आत्ताच्या आत्ता फोन लावावा. तेवढ्यात त्यांचाच आला. "काय चालू आहे वं? पोस्टमास्तर विचारून राहिले का पोरगी कवा उडते म्हनून." मी म्हटलं, कागद चालू आहेत, बाबा. हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. त्यानंतर मी गावाला जायचं बंद केलं. ड्यूटी आहे, सुट्टी मिळत नाही, एक नर्स आजारी आहे. आईनं माझ्यासाठी वडी-भाजीचा डबा बसबरोबर पाठवला आणि मी तो स्टँडवर घ्यायला गेले तर ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "का वं, जर्मनी, कशी आहेस?" डबा घेऊन मी तिथून अक्षरशः पळाले.

जर्मनचा मला त्या दिवसांत इतका राग आला की पुस्तक मी हॉस्टेलच्या गादीखाली सारलं. वर्गात जायचं सोडलं. डॉक्टर एकदा जिन्यात भेटले. बिचारे ओशाळले होते. म्हणाले, "सिस्टर, सॉरी हां. मला वाटलं, तुम्ही मला साथ देताय. मध्ये काही बोलला असतात तर मला पण बरं झालं असतं, मी एकटाच बडबडत होतो." मी म्हटलं, येस सर. बोलल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःचीच अशी चीड आली की उरलेले दोन मजले मी धाडधाड उतरले.

आठ-दहा दिवसांनी मॅडमचा फोन आला. "बाई, तुम्ही नापास झाल्या, मेल्या नाही. चार वाजता या." गेले. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि परीक्षेत काय काय झालं ते पहिल्या वाक्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, टेबलावर ठेवला.

"मला एक सांगा, तुम्ही तिथं बोलून राहिल्या होत्या का मान हलवून राहिल्या होत्या?"

"पण ते डॉक्टर आहेत, मॅडम."

"अन् तुम्ही?"

"मी सिस्टर."

"परीक्षक काय पाहतात? दोन माणसं आपसात काही ठरवू शकतात का, हे पाहतात. एकानं ठरवलं अन् दुसऱ्यानं हो म्हटलं, तर ठरवलं कोणी? तुमच्या जर्मनमध्ये काही खराबी नाही. तुम्ही तिथं हजरच नव्हत्या."

फार लागलं ते. पण मॅडमनी तिथेच सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी वर्गानंतरची वीस मिनिटं ठेवली आणि त्यांचा नियम एकच. त्या जे काय म्हणतील त्याला मी नाही म्हणायचं, आणि नुसतं नाही नव्हे, का नाही तेही सांगायचं. वर्गातली पोरं याला 'नकाराचा तास' म्हणायची आणि मुद्दाम जिन्यात रेंगाळून ऐकायची.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, आज आपण चहा पिऊ. मी म्हटलं, या. त्यांनी टेबलावर हात आपटला. "नाइन!" म्हणजे नाही. मी घाबरून म्हटलं, नाइन. "वारुम?" म्हणजे काहून? मला चहा प्यायचाच होता, तर कारण कुठून आणू? शेवटी म्हटलं, कारण दूध संपलं आहे. "शाब्बास. पुढे." नागपुरात मे महिन्यात फार ऊन असतं, त्या म्हणाल्या. याला नाही कसं म्हणणार? जिन्यातून कोणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं, नाइन, खरं ऊन सावनेर गावाला असतं, तुम्ही तिथे गेला नाहीत, म्हणून असं म्हणता. मॅडम स्वतःच हसल्या.

आठवडाभर ते नाटकच होतं. मग एक दिवस मॅडमनी डॉक्टरची भूमिका घेतली आणि म्हणाल्या, सिस्टर, हे इंजेक्शन या पेशंटला आत्ताच्या आत्ता द्या. माझ्या तोंडून जर्मनमध्ये निघालं, नाही डॉक्टर, या पेशंटला याची ॲलर्जी आहे, फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलंय. एवढं लांब वाक्य मी तोवर त्या भाषेत बोलले नव्हते. सात वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी मराठीत कधी सरळ बोलले नव्हते. असं काही दिसलं की मी फाइल डॉक्टरांच्या नजरेसमोर येईल अशी सरकवायची, खाकरायची, "सर, एकदा बघता का," म्हणायची. पेशंटचं नुकसान मी होऊ दिलं नाही, देवाशपथ नाही, पण नाही हा शब्द मी वापरला नाही. जर्मनमध्ये तो वापरताना मला कोणाच्या डाव्या हाताला उभं राहावं लागत नव्हतं. त्या भाषेत मला कोणी लहानाचं मोठं केलेलं नव्हतं. तिथे मी कोणाची मुलगी नव्हते, कोणाची सिस्टर नव्हते, आणि म्हणून तिथे मला बोलता येत होतं.

त्या दिवसापासून मला जर्मन आवडायला लागली. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण मलाच जरा लाज वाटली. ज्या भाषेच्या नावानं बोटं मोडली, तिच्या तासाची मी सकाळपासून वाट बघायला लागले होते. पुस्तक गादीखालून उशीशेजारी आलं. बसमध्ये बसल्या बसल्या मी मनातल्या मनात लोकांशी जर्मनमध्ये वाद घालायची. खिडकी कोणी बंद करायची, पुढच्या सीटवर कोणी बसायचं, हॉस्टेलच्या नळाला पाणी का नाही. सगळ्यांना मी हरवायची.

दिवाळीच्या आत परीक्षा आणखी एकदा होती, तिचा फॉर्म मी भरला. तिला तीन आठवडे राहिले असताना बाबांचा फोन आला. मी लिनन रूममध्ये चादरी मोजत होते.

"आइक. इकडच्या विहारात तुया सत्काराचा कार्यक्रम ठेवला आहे मंडळानं. रविवारी. सभापती येऊन राहिले. मी हाव म्हनून टाकलं."

माझ्या जिभेवर हाव आलं होतं. सवयीनं आलंच होतं. आणि मी म्हटलं, "नाही, बाबा."

"काय नाही?"

"सत्कार नका ठेवू. मी नापास झाली, बाबा."

पलीकडे मागे कोणाची तरी मोटरसायकल सुरू होण्याचा आवाज ऐकू येत होता. मग मी थांबलेच नाही. पत्रातला दुसरा परिच्छेद, परीक्षा, बोलण्याचा भाग, दिवाळीची मुदत, दोन महिने मी गावाला का येत नाही, सगळं एका दमात सांगितलं. झेंडा बेल्जियमचा आहे हेही सांगून टाकलं, कारण आता सुरू झालेच होते तर ते एकटं कशाला ठेवायचं.

"मंग?" बाबा म्हणाले.

"मंग परत देतो मी परीक्षा."

"पास होशील?"

एरवी मी हाव म्हटलं असतं आणि त्यांना बरं वाटलं असतं. "माहीत नाही, बाबा. मेहनत करून राहिली."

"बरं," ते म्हणाले. मग पुन्हा, "बरं. कार्यक्रमाचं मी पाह्यतो." आणि फोन ठेवला.

मी घडी घातलेल्या चादरींवर तशीच बसले. रागावले का, दुखावले का, काहीच कळलं नव्हतं. तरीही इतकं हलकं वाटत होतं की त्याचं मलाच नवल वाटलं. दोन महिन्यांत मला धड भूक लागली नव्हती. त्या दुपारी मी कँटीनमध्ये तर्री-पोहे खाल्ले आणि वर आणखी एक प्लेट मागवली. बाबांनी पुढे काय केलं ते आईकडून कळलं. ते विहारात गेले, मंडळाच्या पोरांना बसवलं आणि म्हणाले, "गाडी लेट आहे, रद्द नाही झाली. आली का सांगतो." कंडक्टरनं एकदा सांगितल्यावर स्टँडवर कोणी वाद घालत नाही. फ्लेक्स त्यांनी स्वतः शिडीवर चढून उतरवला आणि अंगणात आणून वाळत घातलेल्या धानाखाली अंथरला. आई म्हणाली, पक्का आहे, चार-पाच वर्षं जाईल.

दुसऱ्या परीक्षेला जोडीदार कोण मिळणार ते तिथे गेल्यावरच कळलं. मी मनाची तयारी केली होती की कोणी इंजिनिअर पोरगा असेल, त्याला उडवून लावू. आत आले ते सत्तरीचे एक गृहस्थ. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन, हात किंचित थरथरत होते. कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मुलगा जर्मनीत, नातवंडांना मराठी येत नाही म्हणून यांनी या वयात ही भाषा शिकायला घेतलेली. मी मनात कपाळाला हात लावला. डॉक्टर परवडले. आजोबांच्या वयाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे एवढ्या वयाचं माणूस काही बोललं तर पोरीबाळींनी मान खाली घालून ऐकायचं असतं. आणि हे बिचारे आधीच थरथरतायत.

विषय निघाला, ऑपरेशन झालेल्या सहकाऱ्याला दवाखान्यात भेटायला जायचं आहे, ते ठरवा.

आजोबांनी घसा साफ केला आणि पाठ केलेलं म्हटलं. आपण रविवारी संध्याकाळी जाऊ. ऑफिसातले सगळे आठ जण जाऊ. जाताना संत्रा बर्फी नेऊ.

परीक्षक माझ्याकडे बघत होते. माझ्या ओठांवर 'गुटे इडे' तयार होतं. पण मला आमचा वॉर्ड दिसला. एका खाटेभोवती आठ माणसं, मधे कोपऱ्यात दबलेला पेशंट, सलाइनच्या स्टँडला कोणाचा तरी धक्का, आणि पोटाच्या ऑपरेशनवाल्याच्या हातात बर्फीचा डबा. हे सगळं मी रोज बघते. रोज मुकाट्यानं बघते.

"नाइन," मी म्हटलं. "आठ जण नाही. दोनच."

आजोबा दचकले. त्यांच्या पाठांतरात हे नव्हतं. "वारुम?"

मी सांगितलं, पेशंटला विश्रांती हवी असते. आणि बर्फी नको, त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, त्याला गोड चालत नाही. ते म्हणाले, मग संत्री नेऊ. मी म्हटलं, संत्रीही नाही. मग फुलं? तिथे फुलं आत नेऊ देत नाहीत. आता आजोबांना राग आला. हात थरथरायचे थांबले, ते खुर्चीत पुढे सरकले आणि मोडक्यातोडक्या, पण मोठ्या आवाजातल्या जर्मनमध्ये म्हणाले, "म्हणजे काय, रिकाम्या हातानं जायचं? मी आजपर्यंत कोणाकडे रिकाम्या हातानं गेलो नाही!" परीक्षकांपैकी बाई हसू लपवायला खाली बघायला लागल्या. मी म्हटलं, रिकाम्या हातानं नका जाऊ, मोबाइलचा चार्जर न्या. सगळे पेशंट नर्सकडे चार्जर मागतात, फळं कोणी मागत नाही. ते म्हणाले, चार्जर ही काय भेट आहे! मी म्हटलं, तुम्ही कधी ॲडमिट झाला होता का? ते म्हणाले, हो, दोनदा. मग तुम्हाला काय हवं होतं? आजोबा खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "कोणीतरी जवळ बसायला हवं होतं." शेवटी असं ठरलं की दोघांनीच जायचं, चार्जर न्यायचा आणि बसायला ते अर्धा तास म्हणत होते ते मी पंधरा मिनिटांवर आणलं. वेळ संपली तरी आम्ही बोलत होतो. परीक्षकांनी हात वर करून थांबवलं.

बाहेर आल्यावर आजोबा पायऱ्यांवर भेटले. मी वाकून म्हटलं, "काका, माफ करा. तुमच्याशी फार उलटून बोलली मी."

"माफ काय, बेटा!" ते म्हणाले. "माझं पाठ केलेलं चार वाक्यांत संपलं होतं. तू हो म्हटलं असतं, तर मी तिथंच बुडालो असतो." मग रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "घरी कोणी मला नाही म्हणतच नाही. हो बाबा, हो बाबा म्हणतात अन् उठून जातात. किती दिवसांनी कोणी एवढा वेळ बोललं माझ्याशी."

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. परत येताना मला बसमध्ये जर्मन आठवलीच नाही. बाबा आठवत होते. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि मी हाव बाबा, हाव बाबा करत दोन मिनिटांत ठेवायची. माझ्या मते तो आदर होता. त्यांना किती बोलायचं असेल, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

निकाल लागला तेव्हा मी वॉर्डात एका मावशींचं ड्रेसिंग करत होते. हात मोकळे झाल्यावर मोबाइल पाहिला. पास. बोलण्यात सगळ्यांत जास्त मार्क. जीव भांड्यात पडला, असं आपण म्हणतो, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मी मोठ्यानं हुश्श केलं तर मावशी म्हणाल्या, "एवढी मोठी जखम आहे का, बाई?" मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आता सुटला तुमचा तास." मी म्हटलं, नाइन. व्हिसाचे कागद यायला वेळ आहे, तोवर मी येणार. मी अजूनही चारच्या तासाला जाते. आता मला कुठे पोचायची घाई नसते, आणि शब्द आपोआप लक्षात राहतात.

निकालानंतरच्या रविवारी मी कुहीला गेले. स्टँडवर कोणी विचारलं, तर सगळ्यांना नीट थांबून उत्तर दिलं. बाबा अंगणात खाट टाकून बसले होते. चहा व्हायच्या आधीच त्यांनी बेत सांगायला सुरुवात केली. मी जाईन त्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर गावातून दोन गाड्या जातील, पंचवीस माणसं, आणि बँड सांगितला आहे.

"नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काहून नाही?"

मी म्हटलं, विमानतळावर बँड वाजवू देत नाहीत, आणि पंचवीस लोक दारात उभे राहिले तर मला रडू येईल, मग पासपोर्टवाले मला आत घेणार नाहीत. बाबा म्हणाले, रडली तं रडली, लोकांनी काय घरी बसावं? तू लहान होती तवा याच लोकांनी तुले शाळेत सोडलं. मी म्हटलं, मग त्यांना आदल्या दिवशी विहारात बोलवा, जेवण द्या, मी सगळ्यांच्या पाया पडतो. ते म्हणाले, अन् विमानतळावर? मी म्हटलं, तुम्ही आणि आई. ते म्हणाले, अन् तुया मामा? मी म्हटलं, मामा चालेल, पण मामा बँड आणेल. यावर बाबा असे हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावर नव्या जोमानं म्हणाले, पण एक गाडी तं न्यावीच लागते. मी पुन्हा नाही म्हटलं, त्यांनी पुन्हा काहून विचारलं, आणि आम्ही दोघं खाटेच्या दोन टोकांना बसून, हातवारे करत, एकमेकांचं वाक्य तोडत तासभर बोलत राहिलो. एवढा वेळ आम्ही आजवर कधी बोललो नव्हतो. मला आता जाण्याचं दडपण नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे निघायची घाईही वाटत नव्हती.

आई हात पुसत दारात आली. दोघांकडे आळीपाळीनं पाहून म्हणाली, "बापलेकी काहून भांडून राहिले एवढे?"

बाबांनी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "भांडून नाही राहिलो," ते म्हणाले. "बोलून राहिलो. तू चहा आन."